निळं पाकीट

२ मार्च, सोमवार

दुपारी बेल वाजली. दारात एक पोरगी – गळ्यात ओळखपत्र, पाठीवर पिशवी, हातात दोन रंगांच्या पाकिटांचा गठ्ठा. म्हणाली, आम्ही पाहणी करतोय. वयस्कर माणसांच्या तब्येतीची आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांच्या तब्येतीची. पाच आठवडे, दर बुधवारी तासभर. मी म्हटलं, आम्हाला काही घ्यायचं नाही. तर आतून बाबा ओरडले, "येऊ दे तिला!" शहाऐंशी वर्षांचे कान! मी जेवायला हाका मारते तेव्हा मात्र ऐकू येत नाही.

चहा विचारला. नको. बिस्कीट? नको. "कुणाच्या घरी काही घ्यायचं नाही असा नियम आहे, काकू." काकू म्हणे! आणि चहा नको म्हणणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसत नाही. चहा घेत नाही म्हणजे दुसरंच काहीतरी न्यायला आलाय.

तिची पद्धत अशी – घरातली दोन माणसं. एक साठीच्या पुढचं, एक त्याची काळजी घेणारं. पिवळं पाकीट ज्येष्ठाचं, निळं काळजी घेणाऱ्याचं. आतला फॉर्म भरायचा, पाकीट चिकटवायचं, एकमेकांना दाखवायचं नाही. शिवाय दोघांशी वेगवेगळं बोलणार, दार लावून! का बरं? "मोकळेपणाने बोलता यावं म्हणून." या घरात दार लावून बोलण्यासारखं काय आहे ते मला तरी माहीत नाही.

पाकिटं जास्तीचीच ठेवून गेली, लिहिताना खराब होतात म्हणून. मी दूध उतू जातंय का बघायला आत गेले, तेवढ्यात बाबांनी आपली उचलून खोलीत नेलीसुद्धा. मी माझी निळी घेतली. नाव कुठे घालायचं नाही, नुसता क्रमांक. घर क्रमांक एकेचाळीस. कैद्यांना देतात तसा.

४ मार्च, बुधवार

आली. नाव सांगितलं होतं तिने, पण मी तिला प्रश्नावलीच म्हणणार.

आधी माझा नंबर. आठवड्यात स्वतःसाठी किती तास मिळतात? शेवटचं खळखळून कधी हसलात? शेवटची स्वतःची तपासणी कधी केलीत? तपासणीपुढे मी ठोकून दिलं – मागच्या वर्षी. खोटं! नऊ वर्षांत डॉक्टरच्या समोरच्या खुर्चीत मी बसलेले नाही. बाजूच्या स्टुलावर, बाबांची फाईल मांडीवर घेऊन, शंभरदा बसलेय. ते धरायला काय हरकत आहे?

मग बाबांचा नंबर. दार लावलं. मी शिलाई मशीन थांबवून कान दिला. नुसती कुजबूज. आणि मग दोघंही हसले! बाबा! माझ्याशी बोलताना ते "हं" आणि "ठीक" या दोन शब्दांवर दिवस काढतात.

मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. यामागे धाकट्याचा हात आहे. माझा भाऊ मागच्या वर्षी येऊन गेला तेव्हा रंगीत पुस्तिका घेऊन आला होता – वृद्धांसाठी निवास, हिरवळ, बाकांवर बसलेले हसरे म्हातारे. "ताई, तू किती दिवस पुरणार?" असं म्हणाला होता. ती पुस्तिका मी त्याच्यादेखत केराच्या टोपलीत टाकली. तेव्हा गप्प बसला. आता सरळ मार्गाने जमलं नाही म्हणून पाहणी! ताई काळजी घ्यायला लायक नाही असं एकदा कागदावर आलं की झालं. बाबांना उचलून नेतील आणि मी सही करून मोकळी.

५ मार्च, गुरुवार

बाबांनी जुनी वही काढलीय. रकाने आखलेली. वेधशाळेतली सवय. छत्तीस वर्षं तिथे दर तीन तासांनी तापमान, वारा, पाऊस टिपला, एक नोंद चुकली नाही – हे मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. "नोंद करायची, मत द्यायचं नाही. महिनाभराच्या नोंदी हातात असल्याशिवाय तोंड उघडायचं नाही."

सकाळी त्यांचं बोट टोचायला गेले – रोजची साखर बघायची असते – तर वही उशीखाली सरकवली. मी विचारलं, काय लिहिताय?

"हवामान," म्हणाले.

खिडकी बंद होती!

७ मार्च, शनिवार

शाळेचे गणवेश पोचवायला गेले. बसमध्ये एक मुलगा उठून म्हणतो, "आजी, बसा." मी ऐकलंच नाही असं केलं आणि शेवटच्या थांब्यापर्यंत उभी राहिले. गणवेशांच्या कारखान्यात वीस-वीस थर कापड एका दमात कापायचे मी. मला म्हणे बसा! मागच्या वर्षी साठ पुरी झाली तर लगेच कपाळावर लिहून येतं का?

उभं राहून राहून नव्या चपलेने डावी टाच चावली. फोड आलाय. घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "लंगडतेस का?" म्हटलं, नाही.

काहीतरी लिहिलं त्यांनी. मी बघितलं.

१० मार्च, मंगळवार

आज हद्द झाली. ओट्यावरच्या काचेच्या जगला कागदाची पट्टी चिकटवलेली! पेन्सिलीने सारख्या अंतरावर रेघा. पर्जन्यमापक जसा. अक्षर बाबांचं. मी विचारलं, हा काय खेळ? "पाणी किती लागतं ते कळतं." कुणाला कळवायचंय? प्रश्नावलीला! म्हणजे बाबांना मी पुरेसं पाणी देत नाही, हे सिद्ध करायचंय.

मुद्दाम दिवसभर त्यांना पाणी दिलं. दर तासाला. वैतागले. जग तरी सारखा रिकामा होतो, कारण उकाडा वाढलाय आणि मलाही तहान तहान होतेय. पाच वेळा भरला. लिहा म्हणावं!

११ मार्च, बुधवार

दुसरी फेरी. माझी दहा मिनिटं, बाबांची पंचवीस. मी चहा ठेवलाच, मुद्दाम, वासाने तरी पाघळेल म्हणून. नाही पाघळली. जाताना चिकटवलेली पाकिटं पिशवीत घातली, त्यांच्याकडे एकदाही न बघता. फार सराईत आहे.

विचारलं मी तिला, बाबा काय काय सांगतात? तर गोड हसून, "ते मला सांगता येत नाही, काकू. तुमचंही त्यांना सांगत नाही." ताकास तूर लागू देत नाही!

१२ मार्च, गुरुवार

हल्ली दोरा चांगला येत नाही. सुईत जातच नाही. दुकान बदलायला हवं.

१५ मार्च, रविवार

धाकट्याचा फोन. नेहमी विचारतो – बाबा कसे आहेत, औषधं चाललीत ना, पैसे पाठवू का. आज काय विचारावं? "ताई, तुझी तब्येत कशी आहे?"

नऊ वर्षांत पहिल्यांदा. मी सावध झाले. म्हटलं, घोड्यासारखी. तो म्हणाला, "वजन कमी झालंय का तुझं?" आता हे याला तिकडे दोन तास विमानाच्या अंतरावर बसून कुणी सांगितलं? परकराचं इलॅस्टिक सैल झालंय, एवढंच. ते मी बदलणारच आहे. शिंप्याच्या अंगावर सैल कपडे हा नियमच आहे.

म्हणजे सगळं ठरवून चाललंय. आधी म्हणायचं ताई थकली, ताई आजारी. मग म्हणायचं, हिच्याच्याने होत नाही. मग हिरवळ आणि बाक. मी फोन बाबांकडे दिला. ते खोलीत गेले आणि दार लोटून बोलले. आमच्या घरात दारं लावायची साथच आलीय.

१८ मार्च, बुधवार

तिसरी फेरी. आज प्रश्नावलीने आल्या आल्या माझ्याकडे असं पाहिलं, जसं कापडावरचा डाग पाहतात. "काकू, तुमचं वय किती?" मी म्हटलं, ही विचारायची पद्धत झाली? "फॉर्मसाठी हवंय." एकसष्ट, म्हटलं. तिने लिहून घेतलं आणि त्याखाली रेघ मारली! वयाखाली रेघ कशाला? म्हातारी बाई म्हाताऱ्याला काय सांभाळणार – अजून कशाला!

मग म्हणते, "पायाला काय झालंय? दाखवता का?" मी पाय खुर्चीखाली ओढून घेतला. ही पाहणी माझ्या वडिलांची आहे, माझ्या पायाची नाही, असं स्पष्ट सांगितलं. तेव्हा पिशवीतून एक पत्रक काढून दिलं – काळजी घेणाऱ्यांसाठी मोफत तपासणी, अमुक वार, अमुक वेळ. मोफत! फुकट काही मिळत असलं की त्यात कुठेतरी पाणी मुरतंच. पत्रकाच्या चार घड्या घातल्या आणि शिलाई मशीनच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सरकवल्या. आता मशीन अगदी छान बसलंय.

बाबांशी बंद दाराआड अर्धा तास.

१९ मार्च, गुरुवार

सकाळी बाबा म्हणाले, "चिऊ, पेपर वाचून दाखव. माझा चष्मा सापडत नाही." चष्मा त्यांच्या खिशात होता, दांडी बाहेर दिसत होती! वाचायला घेतलं. मोठे मथळे वाचले. मग त्यांनी बोट ठेवलं ते तळाच्या बारीक बातमीवर. अक्षरं एकमेकांत घुसल्यासारखी. कशीबशी दोन ओळी वाचल्या आणि पेपर मिटला. हल्ली छपाई फार वाईट करतात.

"दिसत नाही का तुला?"

"डोळे ठणठणीत आहेत माझे. तुम्ही तुमचं बघा!"

जरा मोठ्यानेच बोलले. काठी टेकत खोलीत गेले बिचारे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण दहाच मिनिटांत खोलीत डोकावले तर मान खाली घालून वहीत लिहीत होते. म्हणजे ही परीक्षाच होती! आणि मी ओरडले तेही गेलं असणार रकान्यात.

२१ मार्च, शनिवार

सापडलं!

बाबा आंघोळीला गेले होते. वही बघावी म्हणून मी त्यांचा खण उघडला. (हो, उघडला. रोजनिशीशी काय खोटं बोलायचं?) वही नव्हती, आंघोळीला जाताना बरोबर नेलेली! पण पाकीट होतं. चिकटवलेलं, येत्या बुधवारी द्यायचं. निळं!

निळं पाकीट काळजी घेणाऱ्याचं. म्हणजे माझं. माझी सगळी माझ्याकडे आहेत, मोजून पाहिली. हे जास्तीच्या गठ्ठ्यातलं. बाबा माझा फॉर्म भरतायत! माझ्या जागी! मी लिहायचं "सगळं ठीक" आणि त्यांनी दुसरा फॉर्म भरून द्यायचा – ओरडते, लंगडते, पेपर वाचता येत नाही. कुणाचं खरं धरतील?

फोडावं असं मनात आलं. वाफेवर धरलं की डिंक सुटतो, मला माहीत आहे. चहाचं पाणीही ठेवलं. मग बाबांची न्हाणीघरातून हाक आली, "चिऊ, टॉवेल!" पाकीट परत होतं तसं ठेवलं. एकसष्ट वर्षांची बाई मी, आणि चोरून साखर खाताना सापडल्यासारखी धावत गेले.

पाठ पुसून दिली त्यांची. हाडं हाताला लागतात. या माणसाने माझ्याविरुद्ध लिहावं?

२४ मार्च, मंगळवार

आज बोलून टाकलं. जेवताना. बाबा, मी तुम्हाला नकोशी झालेय का?

त्यांनी घास खाली ठेवला. "कोण म्हणालं?"

"कुणी म्हणायला कशाला हवं? लपवून लिहिता. दार लावून बोलता. धाकट्याला चुगल्या करता. जायचंय का तुम्हाला तिकडे, हिरवळीवर? सरळ सांगा. मी सामान भरून देते."

बाबांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "चिऊ, तू डॉक्टरला दाखवून ये." मी म्हटलं, विषय बदलू नका! तर पुन्हा तेच. म्हटलं, मला काही धाड भरलेली नाही. तेव्हा ते म्हणाले, "बरं. नोंदी पुऱ्या होऊ देत."

म्हणजे नोंदी आहेत. आणि त्या माझ्याच आहेत. कबूल केलं!

नऊ वर्षांपूर्वी बाबा पायऱ्यांवरून पडले तेव्हा मी नोकरी सोडली. सोडली म्हणजे उपकार केले असं नाही, मला सुचलंच नाही दुसरं काही. सकाळी त्यांचं बोट टोचायचं, गोळ्या द्यायच्या, अंगण म्हणून गॅलरीच्या चार फेऱ्या. या सगळ्यात माझा दिवस शिवला गेलाय. ते काढून घेतलं तर उसवून राहील काय? चार खोल्या आणि मशीन. मला भीती वाटते. इथे लिहिते म्हणून लिहिते, दुसऱ्या कुणाला सांगायची नाही. फार भीती वाटते.

२५ मार्च, बुधवार

प्रश्नावली बाबांशी पाऊण तास! बाहेर आली तेव्हा तिचे डोळे ओले. निळं पाकीट छातीशी धरलेलं. दोन निळी – एक माझं, एक त्यांनी दिलेलं. पिवळं एकही नाही. माझ्या समोरून घेऊन गेली आणि मी दार उघडून धरलं.

जिन्यावर थांबून म्हणाली, "काकू, ते पत्रक दिलं होतं ना, प्लीज जाऊन या." मी म्हटलं, बघू. पत्रकावर मशीन उभं आहे.

२६ मार्च, गुरुवार

टाचेचं काही खरं नाही. वीस दिवस होत आले, भरत नाही. हळद लावली, मलम लावलं. दुखत मात्र नाही आता, हे बरं.

२९ मार्च, रविवार

धाकट्याचा फोन आलाच नाही. म्हणजे मला आला नाही. बाबांच्या खोलीतून आवाज येत होता.

३० मार्च, सोमवार

सकाळी साखर मोजायचं मशीन आणि पट्टी घेऊन बोट टोचायला गेले, तर बाबांनी हात मागे घेतला. नऊ वर्षांत पहिल्यांदा! "दुखतं फार. आधी तुझं टोचून दाखव." लहान मुलासारखं. मी म्हटलं, पट्टी वाया जाईल. "जाऊ दे. मग मी देतो हात." हट्टाला पेटले. शेवटी टोचलं माझंच बोट, म्हटलं, हे बघा, दुखतं का? थेंब पट्टीवर लावला आणि आकडा बघणार तेवढ्यात त्यांनी मशीन माझ्या हातातून काढून घेतलं. म्हाताऱ्या माणसात इतकी चपळाई!

किती आली?

"हं," म्हणाले. आणि बंद केलं. मग मुकाट्याने स्वतःचा हात पुढे केला. त्यांची नेहमीसारखीच.

दिवसभर जेवले नाहीत. खुर्चीत बसून मी शिवतेय ते बघत होते. सारखं बघत होते. मी दोनदा विचारलं काय झालं म्हणून, तर म्हणाले, "तुझी आई असायला हवी होती." आईचं नाव ते कधी काढत नाहीत. निघायची वेळ आली की माणसाला अशा आठवणी येतात. म्हणजे ठरलंय.

३१ मार्च, मंगळवार

धाकट्याचा फोन – "ताई, उद्या सकाळच्या विमानाने येतोय." कशाला? "आल्यावर बोलू." नोंदींचा महिना पुरा व्हायचीही वाट बघवली नाही बाबांना. एवढी घाई!

संध्याकाळी बाबांच्या खोलीत पलंगाखाली पिशवी दिसली. भरलेली, चेन लावलेली. मी हात लावला नाही. लावायला काय राहिलंय?

त्यांचे सगळे शर्ट इस्त्री करून ठेवले. एकाची कॉलर उलटून शिवली. तिकडे गेल्यावर लोकांनी म्हणायला नको, मुलगी शिंपीण आणि बापाची कॉलर विरलेली.

१ एप्रिल, बुधवार

धाकटा साडेनऊला आला. माझ्या पायाकडे बघून त्याचा चेहराच उतरला. नाटक! प्रश्नावलीही आलीय, तिच्या हातात कसलीशी चिठ्ठी. तिघं बाबांच्या खोलीत. मी स्वयंपाकघरात बसून लिहितेय.

सगळं ऐकू येतंय. धाकटा – "ती तयार होणार नाही." बाबा – "मी येतोय ना बरोबर." प्रश्नावली – "वेळ घेऊन ठेवलीय. आजच."

आत्ता बाबा बाहेर आले. बूट घातलेत! पाच महिन्यांत ते जिना उतरलेले नाहीत. तीन मजले. एका हातात काठी, एका हातात ती पिशवी – धाकट्याला घेऊ देत नाहीत. मला म्हणाले, "चिऊ, चल."

मी म्हटलं, मी येणार नाही पोचवायला. तुम्हाला ठेवून परत कशी येऊ?

"परत आपण दोघं येऊ," म्हणाले.

खोटं बोलतायत. पण त्या जिन्यावर त्यांना एकट्याने उतरू कसं देऊ? खाली गाडी हॉर्न देतेय. जाते.

४ एप्रिल, शनिवार

मोठ्या अक्षरात लिहितेय, बारीक दिसत नाही. ही रोजनिशी निघताना बाबांनीच पिशवीत घातली. पिशवीत बाकी सगळे माझेच कपडे.

गाडी दवाखान्याशी थांबली. खिडकीतल्या बाईने विचारलं, "पेशंट कोण?" बाबांनी काठी उचलून माझ्याकडे केली. साखर चारशेच्या वर. पाय वाचेल म्हणतात. अजून आठवडा गेला असता तर सांगता आलं नसतं.

बाबांना विचारून प्रश्नावलीने पहिल्या आठवड्याचं निळं पाकीट आणून दिलं. मला वाचता येईना, म्हणून नर्सने वाचून दाखवलं. ज्या ज्येष्ठ व्यक्तीची काळजी घेता तिच्याशी नातं – मुलगी. तिचं वय – एकसष्ट. किती वर्षांपासून काळजी घेत आहात – एकसष्ट.

"आजोबांनी चुकून परत वयच लिहिलंय," नर्स म्हणाली.

बाबा नोंदीत चुकत नाहीत.